चौसष्टाचे ऐंशी

११ नोव्हेंबर १९८६, मंगळवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला की वासुदेव गेला. मी दाढी करीत होतो. उरलेला गाल पूर्ण केला आणि निघालो.

वासुदेव नरखेडकडचा, संत्र्यांच्या बागेत वाढलेला. तंत्रनिकेतनात आम्ही सहकारी होतो. निवृत्तीनंतर माझ्या धंतोलीतील घराच्या माडीवर आमचे काम चाले. गावाकडे विजेचा दाब पडला की विहिरीवरची मोटर जळते. ती वेळीच बंद करणारी पेटी त्याने रचली. पेटीतली मायक्रोकंट्रोलरची चिप बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की चिपच बहके आणि नको तेव्हा मोटर सुरू करी. म्हणजे आधी चिपला स्वतःचा पुरवठा किती उरला हे कळायला हवे होते. मी त्यासाठी वेगळे सर्किट सुचवले. तो म्हणाला, “पेटी विहिरीवर टांगाची हाय जी मास्तर, तुमच्या कपाटात नाही. जितके जोड जास्त, तितके सुटतीन. प्रोग्रॅममधूनच करू.”

अडचण अशी की चिप जे काही मोजते ते स्वतःच्या पुरवठ्यालाच पट्टी मानून. त्या पट्टीचे भाग दोनशे छप्पन. पुरवठा घटला की पट्टीही आखडते. म्हणून चिपने स्वतःला मोजले तर ती नेहमी भरलेलीच दिसते. आठ दिवस आम्ही तेथेच अडलो. मग एका दुपारी डबा अर्धा टाकून तो उठला, सव्वा व्होल्टवर अढळ राहणारा एक बारीक भाग त्याने चिपला जोडला आणि प्रोग्रॅमकडून तो मोजवला. पुरवठा पाच व्होल्ट असता आकडा आला चौसष्ट. पुरवठा चारवर आणला... ऐंशी.

“एक जोड वाढलाच की,” मी म्हणालो.

“एकच वाढला. तुमच्या सर्किटात वीस होते.” मग आकड्याकडे बोट करून म्हणाला, “पाहा मास्तर, तो बिचारा जागचा हालला नाही. आपण घटलो, म्हणून तो मोठा दिसून राहिला.”

ऑक्टोबरात एकदा तो माडीवर आला आणि दाराला धरून उभा राहिला. “मास्तर, पायऱ्या वाढवल्या काय जी? उंच लागून राहिल्या.”

“सतराच आहेत. तुझी ढेरी वाढली.”

तो हसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच बोलला. मी मान वर न करता म्हटले, “मग मिस्त्री बोलाव.” त्या वेळी मी ऐंशीचा आकडा वहीत उतरवीत होतो.

डॉक्टर म्हणाले, हृदय महिनाभर तरी कुरकुरत असणार. घाटावरून परतल्यावर त्याच्या पत्नीने, सुमनताईंनी, मला बाजूला घेऊन विचारले, “भाऊजी, तुमच्यापाशी काही बोलले होते का ते? मले तर काहीच नाही सांगितलं.”

मी “नाही” म्हणालो.

यास सहा आठवडे झाले. ते उत्तर खोटे होते. तो बोलला होता, दोनदा, आणि त्याचा अर्थ लावण्याची रीत त्याने स्वतः मला शिकवली होती. सुमनताईंनी माझे उत्तर येथे दुरुस्त करून घ्यावे; समोर बसून सांगणे मला जमले नाही. दुपारी अजून जिन्यावर पाऊल वाजते. अकराव्या पायरीवर ते थांबते... बराच वेळ. मी उठून पाहत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मी माडीवर गेलो होतो. पेटी चालूच राहिली होती आणि आकडा चौऱ्याऐंशीवर गेला होता. मी बॅटरी काढली. मग फूटपट्टी घेऊन जिन्याच्या तळापासून एकेक पायरी मोजीत वर आलो. सतराही पायऱ्या सात-सात इंच. वहीत ऐंशीच्या आकड्याखाली तसे लिहिले.