पहिल्या नजरेचा तांब्या

मेंढ्या विकल्यापासून आणे गावच्या पारावर आम्ही तिघं म्हातारे बसून असतो. हाताला काम नसलं की किस्से फार साठतात. त्यातले निम्मे आता हसत सांगवत नाहीत.

परवा माझी नात रेश्मा पाराजवळ मोबाईलवर मैत्रिणीला म्हणाली, "लव्ह ॲट फर्स्ट साइट, यार!"

आमच्यातल्या भिकानं विचारलं, "म्हंजी काय गं?"

"बघताक्षणी जीव जडणं, आजोबा."

"आमाला बघू कुटं दिलं व्हतं?"

*

भिकाच्या मांडवात दोन लग्नं होती. आंतरपाट खाली आला, तर समोर चुलतभावाची नवरी! भटजींनी घाईघाईनं पाट बदलले. बायको जन्मभर टोमणा मारायची, "पैली नजर दुसरीवर गेली तुमची!"

गेल्या साली ती वारली. आता तो टोमणा भिका स्वतःच सांगतो. हसत मात्र कोणी नाही.

*

सोपान मुलगी बघायला गेला आणि दारातल्या मेंढ्याच बघत बसला. सासऱ्यानं विचारलं, "कशी वाटली मुलगी, पावणं?"

"कोकरं लई झ्याक हायेत!"

तरी लग्न झालं. रेश्मा म्हणाली, "हेच ते लव्ह ॲट फर्स्ट साइट, आजोबा, फक्त मेंढ्यांवर!"

*

मी घोडेगावच्या वरच्या अंगाला हौसाला बघायला गेलो होतो. तिनं पाणी दिलं. मी खाली मान घालून प्यालो आणि तांब्या हातात तसाच घेऊन घरी आलो! बाप म्हणाला, "आता ठरलंच म्हनायचं, राव."

तो तांब्या अजून आहे. आता दोन वर्षं झाली, हौसा मला ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, यात सुधारणा नाही. रेश्मा म्हणाली, "आजोबा, जुन्या वस्तू दाखवून बघा." म्हणून रोज सकाळी त्याच तांब्यातून तिला पाणी देतो. ती पिते, आणि भिंतीकडे बघत बसते.

*

काल तिनं तांब्या हातात घेतला. फिरवून पाहिला. कडेचा पोचा बोटानं चाचपला. म्हणाली, "ह्यो आमच्या घरचा."

मी तिच्याजवळ सरकलो. "व्हय गं हौसा! आपलाच!"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि तांब्या छातीशी धरला.

"ह्यो तर त्यांनी नेला व्हता. तुमच्याकडं कसा आला? माझं त्यांच्याशी ठरलंय. तुमी जावा, पावणं."