नवरदेवाच्या हातातला माझा चाकू

मी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाकू बाळगते. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मला घाबरत मात्र कोणी नाही. एसटीत पेरू घेतले की शेजारची बाई न विचारता माझ्या पिशवीकडे बघते. एवढीच काय ती माझी दहशत.

हा नाद लागला किनवटला. लग्नाआधी तिथल्या एका वसतिगृहाच्या शाळेत मी मास्तरीण होते. वय बावीस. स्वयंपाक करणारी मावशी कमरेला एक आखूड चाकू लावायची. रानातला वेल तोडायचा, भाजी चिरायची, पायातला काटा काढायचा, सगळं त्यानंच. मी बाजारातून तसाच एक घेतला, लाकडी म्यानासकट, आणि तो कमरेला खोचून शाळेमागच्या रानात एकटी निघाले. आपण आता रानातल्या झालो, असं त्या पोरीला वाटत होतं. त्या दिवशी तिनं चाकूनं काय कापलं असेल? सीताफळ. पिकलेलं, दोन बोटांनी उकलणारं सीताफळ तिनं झाडाखाली बसून चार फोडी करून खाल्लं आणि परत येऊन मावशीला अभिमानानं सांगितलं.

मावशी म्हणाली, "बरं केलंस. आता केळं पण चाकूनंच सोल."

लग्नानंतर बदली मागून सासरी आले. घर शेतकऱ्याचं, विळे-कोयते पुष्कळ, पण ते कामाचे. माझे चाकू कामाचे नव्हते. ते लुगड्यांच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले असत. हिमायतनगरच्या एका लोहारानं ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून ठोकून दिलेला जाड सुरा. उदगीरच्या बाजारात घेतलेला घडीचा चाकू, ज्याची कमान घेतल्या दिवशीच गेली आणि तरी मी तो विकणाऱ्याचं कौतुक करत राहिले. बाभळीच्या मुठीचा एक, शिंगाच्या मुठीचे दोन. पाहुणे आले की चहाच्या आधी ट्रंक उघडायची. पाहुणे बिचारे चहाची वाट बघत "छान आहे, छान आहे" म्हणायचे. मला वाटायचं, मला चाकूतलं फार कळतं.

पन्नाशीला टेकले तेव्हा नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत मला चाचा सापडले. चाकू करणारे. वडिलांचा धंदा, आजोबांचा धंदा. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं तर कारागिरानं बाहेर जावं. वर्षाला दोन-तीन घडीचे चाकू ते फार जीव लावून करत, बाकी सगळे कसाई, खानावळवाले आणि शेतकऱ्यांसाठी. त्या घडीच्या चाकूंतला एक मी त्यांच्या हातात बघितला. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, उघडताना टक् असा एकच आवाज, आणि पातं मुठीत असं बसायचं की वरून बोट फिरवलं तर कळू नये. तो दुसऱ्या कोणाचा होता. मी म्हटलं, मला असाच करून द्या.

"न्हाई देत," चाचा म्हणाले.

"का हो? पैसे आधी देते."

"पैशाचं न्हाई बाई. घडीचा चाकू लोकांना सांभाळता येत न्हाई. बिजागरी खराब करून आणतात आन् माझं नाव घेतात. आधी सरळ पातं घेऊन जा. एक साल वापरा. मग आणून दाखवा. पातं बघून सांगतो."

वर्षानुवर्षं पोरांच्या परीक्षा घेत आलेल्या बाईला कोणीतरी परीक्षेला बसवलं. मी लगेच बसले. घडीचा चाकू हवा होताच, पण खरं सांगायचं तर त्या माणसाच्या तोंडून 'तुम्हाला कळतं' एवढं ऐकायचं होतं. ट्रंकेपुढं बसणाऱ्या पाहुण्यांच्या 'छान आहे'वर माझं पोट भरत नव्हतं.

सरळ पात्याचा चाकू घेतला. वीतभर, टोकदार, शिसवी मूठ. चाचांनी नियम सांगितले. हे लोखंड स्टीलसारखं नाही, गंजतं. ओलं ठेवायचं नाही. आंबट कापलं की तिथल्या तिथं पुसायचं. खोबरेल लावायचं, करडीचं नको, ते चिकट होतं. मी वहीत लिहून घेतलं. होय, वहीत. शाळेतली सवय.

दहा महिने मी तो चाकू तान्ह्या लेकरासारखा वागवला. कैरी कापली की पुसला, चिंच फोडली की पुसला. पात्यावर हळूहळू निळसर करडी झाक चढत गेली, ती तर मी उन्हात धरून शेजारणींना दाखवायची. नवऱ्यानं एकदा त्यानं गोणीची सुतळी कापली तर मी दोन दिवस बोलले नाही. तो म्हणाला, "आगं, चाकू हाय का जावई?"

मग मोठ्या दिरांच्या मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरदेव हळद लागून पाटावर बसलेला, आणि सासूबाई कट्यार शोधत होत्या. हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात लोखंड हवं आणि त्याच्या टोकाला लिंबू टोचलेलं हवं, दृष्ट लागू नये म्हणून. आमच्या घरची कट्यार मागच्या लग्नात कोणीतरी मागून नेली होती ती आलीच नव्हती.

"आता काय, इळी देऊ का पोराच्या हातात?" सासूबाई ओरडल्या. "इळी घेऊन चढंल का बोहल्यावर?"

एवढी सोन्यासारखी संधी. मी पुढं झाले. पदर सारखा केला, म्यानातून चाकू काढला आणि म्हटलं, "माझा आहे की."

सगळ्या बायका माना लांबवून बघायला लागल्या. मग एकदम "आगं बाई, केवढा चकाकतोय!" मोबाइलवर फोटो निघाले. सासूबाईंनी चाकू हातात घेतला, टोपलीतून लिंबू काढलं. मी म्हटलं, "हे सुकलंय, थांबा," आणि मी स्वतः, या हातांनी, त्यातलं सगळ्यात रसरशीत लिंबू निवडून दिलं. ते टोकावर बसलं तेव्हा रसाची धार पात्यावरून मुठीपर्यंत आली. बायका म्हणाल्या, शुभ आहे.

वहीत लिहिलं होतं, आंबट कापलं की तिथल्या तिथं पुसायचं. पण ते लिंबू मला आंबट वाटलंच नाही. ते दृष्टीचं होतं. कैरीला पुसणारी, चिंचेला पुसणारी बाई दोन दिवस त्या लिंबाकडे कौतुकानं बघत होती. नवरदेवानं चाकू आंघोळीला नेला, जेवताना मांडीवर ठेवला, झोपताना उशाला घेतला. लातूरला कार्यालयाबाहेर तो चाकू हातात घेऊन घोड्यावर बसला. फोटोत नवरदेवापेक्षा माझा चाकू चांगला आलाय, असं मी चार जणींना सांगितलं.

लग्न लागलं. मी लिंबू काढलं. टोकाकडचं दोन बोटं पातं काळं ठिक्कर, आणि जिथं लिंबाची साल टेकली होती तिथं सुईनं टोचल्यासारखे खड्डे.

नवऱ्यानं बघितलं. म्हणाला, "पुसून तेल लाव आन् ऱ्हाऊ दे. काळं झालं म्हणून काय मरतंय?"

पण परीक्षेला दोन महिने राहिलेले. मी आधी राखेनं घासलं. मग विटेच्या भुकटीनं. मग मोटर दुरुस्त करणाऱ्याकडून काचपेपर आणला आणि ओसरीवर बसून एक अख्खा रविवार घासत बसले. काळं गेलं, खड्डे उथळ झाले. निळसर झाकही गेली. पातं लग्नात मिळणाऱ्या चमच्यासारखं लखलखीत झालं. मी खूश! मला वाटलं, चाचा बघतील आणि म्हणतील, वा, वर्ष झालं पण अगदी नवा.

साल भरल्यावर नांदेडला गेलो. नवऱ्याला पंपाचा भाग घ्यायचा होता, तो बरोबर होता. दुकानात जागा एकाचीच, म्हणून तो पायरीवर उभा. चाचांनी चाकू घेतला. उलटा केला, सुलटा केला. उजेडाकडे धरला. धारेवर नख टेकवलं, तर नख घसरलं.

"कोणाचं लगन होतं?" त्यांनी विचारलं.

"लग्न? नाही हो. कैरी कापली होती, तिचं..."

"माझ्या पुतण्याचं," पायरीवरून नवरा म्हणाला. "लातूरला. लई जोरात झालं."

चाचा हसले नाहीत. "लिंबाचं काय न्हाई बाई. लगनसराई झाली की निम्म्या जिल्ह्याचे चाकू काळे होऊन माझ्याकडं येतात. हिंदू काय, आणखी कोण काय, सगळे पोराच्या हातात लोखंड देतात. काळं पडलेलं मी बघून घेतलं असतं. पण हे घासलं कोणी?"

आयुष्यभर पोरांना 'कोणी केलं ते खरं सांगा' म्हणत आलेली मी, दुकानातल्या लोखंडी ऐरणीकडे बघत उभी राहिले. आणि या वेळी नवराही काही बोलला नाही. तेवढे उपकार त्याचे.

"मी," मी म्हटलं. "काचपेपरनं."

"सालभर लागतं पात्याला झाक चढायला, धार बसायला. ते तुम्ही एका दिवसात उतरवलं." त्यांनी चाकू फडक्यात गुंडाळला. "ठेवून जा. पुढल्या महिन्यात घेऊन जा. आणि पुन्हा एक साल."

येताना एसटीत मी नवऱ्याशी बोलले नाही. तो पंपाचा भाग मांडीवर घेऊन झोपला.

दुसऱ्या वर्षी मी त्या चाकूचं काहीच कौतुक केलं नाही. चाचांनी पातं बोटभर आखूड करून नवी धार दिली होती. कापलं, पुसलं, तेल लावलं, पिशवीत टाकला. वही बघितली नाही. ट्रंकेतही ठेवला नाही, कारण सारखा लागायचा. नवऱ्यानं सुतळी कापली, मी बोलले नाही. पातं काळपट, डागाळलेलं, दिसायला असं की कोणा पाहुण्याला दाखवू नये. तोच घेऊन गेले.

चाचांनी बघितला. या वेळी नख धारेला अडलं. एका डागावर बोट ठेवून म्हणाले, "हे?"

"चिंच. आमटी उतू चालली होती, पुसायला उशीर झाला."

"आन् हे?"

"माहीत नाही."

ते मान हलवत राहिले, आणि मग त्यांनी लाकडाचा एक ठोकळा माझ्या हातात दिला. "मूठ आवळा." मी आवळली. त्यांनी पेन्सिलीनं माझ्या बोटांभोवती रेघ मारली. 'तुम्हाला कळतं' असं काही ते म्हणाले नाहीत. चार महिन्यांनी या, म्हणाले.

चार महिन्यांनी गेले. शिंगाची काळी मूठ, माझ्या बोटांच्या मापाची. उघडताना टक् असा एकच आवाज. धार अशी की वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला. आणि पात्याला टोक नव्हतं. पुढं बोटाच्या पेरासारखं गोल.

"चाचा, टोक?"

"कशाला पाहिजे?" चाचा म्हणाले. "भाजी कापायला धार लागते. लिंबू टोचायला टोक लागतं."

मी पैसे दिले आणि चाकू पिशवीत टाकला.

त्यानंतर आमच्या घरात तीन लग्नं झाली. माझ्या मुलाच्या हळदीला सासूबाईंनी पुन्हा हात पुढं केला. मी चाकू उघडून दिला. म्हातारीनं तो उलटा केला, सुलटा केला, पुढच्या गोल बोंडीवर लिंबू दोनदा दाबून बघितलं. लिंबू घरंगळून पाटाखाली गेलं.

"कसला गं हा तुझा चाकू," त्या म्हणाल्या, "नकटा!" आणि बाजारातून नवी कट्यार आणायला त्यांनी माझ्या नवऱ्याला पिटाळलं.