भाड्याचा कोट आणि पेटीतलं कापड

आमच्या सावली गावच्या बस स्टँडवर बाबांनी माझी बॅग तीनदा उघडून पाहिली. पहिल्यांदा कुलूप लागतं की नाही म्हणून, दुसऱ्यांदा मी ते लावलं की नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा का, ते त्यांनाच ठाऊक. चंद्रपूरची एसटी लागली होती, तिथून पुण्याची ट्रॅव्हल्स धरायची होती. आई पदराने डोळे पुसत होती. बाबांना रडायला सवडच नव्हती, ते कंडक्टरवर नजर ठेवून होते. बस हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाले, "कुठीबी काही ठेवलं तं पावती घेजो. पावती नाई तं समज गेलं."

तुम्ही तिकडे गावात राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे पुण्यात आलेले, दोघांनाही माझे बाबा माहीत आहेत. धान भरडून आणलं की तांदूळ आपल्याच शेताच्या बांधीतला आहे का, हे चार दाणे चावून ठरवणारा माणूस. मी त्यांच्यावर हसायचो. मग चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागलो आणि हसणं बंद झालं. पार्ट हातात घ्यायचा, मापाचं गेज लावायचं आणि हा बिघडलेलाच असणार असं धरून चालायचं, हे माझं काम. थोडक्यात, बाबा जे फुकट करत होते त्याचा मला पगार मिळतो. रूम पार्टनरने चहा दिला तर त्यात साखर किती आहे यापेक्षा त्याने आज चहा का केला, याचा मी आधी विचार करायचो.

अशा माणसाचं लग्न ठरलं. मुलगी चिमूरकडची, वैशाली. साखरपुड्याला सासऱ्यांनी मला सुटाचं कापड दिलं, कॉफी कलरचं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, मुलीकडच्यांनी दिलेल्या कापडाचा सूट नवरदेवाने लग्नात घालायचा. सासऱ्यांनी ते दुकानदाराच्या भरवशावर आणलं नव्हतं. दोनदा चंद्रपूरला जाऊन, उन्हात धरून रंग पाहून निवडलं होतं. माझ्या हातात देताना म्हणाले, "पुण्यात चांगला शिंपी पाहून शिवा." मीही मान हलवली.

आता पुण्यात काय शिंप्यांचा दुष्काळ आहे? पण एकाने माप घेतलं आणि लिहिलंच नाही, म्हणाला डोक्यात राहतं. माझं माप याच्या डोक्यात राहतं तर बाकीच्यांचं कुठे जातं, असं वाटून मी कापड उचललं. दुसऱ्याने कापड हातात घेताच अर्धा मीटर कमी आहे म्हणून सांगितलं. घरी येऊन मोजलं तर बरोबर भरलं. मग तर मला खात्रीच झाली की हे लोक कापड मारतात किंवा सरळ बदलून टाकतात. कापड पेटीत गेलं. सासरे फोनवर विचारायचे, "सूट झाला का?" मी म्हणायचो, "शिवायला टाकला आहे." एकदा असं बोलून बसलं की पुढच्या फोनला माघार घेता येत नाही. महिने गेले, पत्रिका छापून आल्या आणि लग्नाच्या तीन दिवस आधी मी ते कापड घडीसकट सावलीला परत घेऊन उतरलो.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बरं केलं, नाई देलं त्याईले." म्हणजे चूक कोणाची ते लक्षात आलंच असेल.

युनूसचाचा आमचे लहानपणापासूनचे शिंपी. शाळेच्या खाकी चड्डीपासून माझी सगळी मापं त्यांच्या वहीत आहेत. त्यांनी कापड बोटांत धरून पाहिलं, छान आहे म्हणाले आणि परत केलं.

"लगनसराई आहे बाबू. तीन दिवसात कोट शिवतो म्हणणारा शिंपी खोटा. कोट म्हणजे कच्चा शिवाचा, ट्रायल घ्याची, मंग पक्का कराचा. भाड्याचा आण. तो फिट करून देतो, कोणाले समजनार नाई."

भाड्याच्या कपड्यांचं दुकान मंडपवाल्याच्या शेजारी आहे. तिथे सतरा कोट लटकत होते, त्यात कॉफी कलरचा एकच. सासऱ्यांच्या कापडापेक्षा थोडा गडद, पण मंडपाच्या लाल-पिवळ्या उजेडात खपून गेला असता. दुकानदार म्हणाला, "कालच धुऊन आला, अजून कोणी घातला नाई." कोणी घातला नाही तर धुतला कशाला, हे मी मनात विचारलं. तोंडाने एवढंच विचारलं की छातीवरच्या खिशापाशी हा लालसर डाग कसला. "डिझाइन आहे," तो म्हणाला. एकाच बाजूला डिझाइन असलेला कोट मी तोवर पाहिला नव्हता. पण नवरदेवाला पर्याय नव्हता.

चाचांच्या दुकानात मी कोट उलटा केला आणि आपली नोकरी सुरू केली. आत पाठीच्या शिवणीला तीन रंगांचे टाके होते, पांढरे, काळे, निळे. म्हणजे किमान तीन माणसं माझ्या आधी यात मावून गेली होती. खिशात नाक घातलं तर पावडरचा वास. कॉलरखाली टाचणीची दोन भोकं. मी एकेक चाचांना दाखवत होतो, बाबा माझ्या मागे उभे राहून हुंकार भरत होते.

चाचांनी चष्मा वर केला. "तुले लगन लावाचं आहे का पंचनामा कराचा आहे?"

मग त्यांनी मला सरळ उभं केलं. भाड्याच्या कोटाला कात्री लावायची नाही, हा नियम. सगळं कच्च्या टाक्यांनी आतल्या आत दुमडायचं, परत करताना उसवलं की कोट पुन्हा होता तसा. आधीचा माणूस माझ्या दीडपट असावा. चाचांनी पाठीची शिवण आत घेतली, बगलेत चिमटा काढला, बाह्या मनगटापर्यंत वर आणल्या. खांद्याला हात लावता येत नाही म्हणून आतून कापसाचे पॅड बसवले. पँट मागून आवळली. डागावर खिशातून डोकावेल असा पांढरा रुमाल दुमडून टाचला. दोन तास त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मला बोलणी बसली नाहीत. आरशात पाहिलं आणि खरं सांगतो, मलाच मी आवडलो. कोट माझ्याच अंगावर बेतल्यासारखा बसला होता. बाबा मात्र म्हणाले, "हात वर करू नको. अन् सासऱ्याच्या लय जवळ उभा राहू नको."

लग्नात मी बाबांचं ऐकलं. नमस्काराला वाकताना टाके तडकतील म्हणून गुडघ्यात वाकलो. फोटोवाल्याने खांद्यावर हात टाका म्हटलं तर टाळलं. मुलीकडचा प्रत्येक माणूस माझ्या कोटाकडेच पाहतो आहे असं वाटत होतं. दोन म्हातारे माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजले, एक बाई तर हसली. सासऱ्यांना कळलं तर काय होईल, याच्यापुढे मला मंगलाष्टकं ऐकू येत नव्हती. माणसाने इतक्या प्रेमाने निवडलेलं कापड मी विकून खाल्लं असंच ते समजणार. आणि वैशालीला पहिल्याच दिवशी माहेरच्यांपुढे मान खाली घालावी लागणार. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्या तेव्हा सासरे माझ्या बाजूला येऊन बसले. त्यांनी माझी कॉलर दोन बोटांत धरून पाहिली.

"हा कोट माह्या ओळखीचा आहे, जवाईबुवा."

मी खिशातल्या रुमालावर हात ठेवला.

"दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत नाटक होतं. त्यातला खलनायक ह्याच कोटात होता, कॉलरीले कागदाचा गुलाब लावून. शेवटी त्याची बायकोच त्याले गोळी घालते." मग म्हणाले, "माह्यावालं कापड कुठी आहे?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी सांगितलं, पेटीत आहे, जसंच्या तसं, कात्रीही लागलेली नाही. पुण्यात एकाही शिंप्यावर भरवसा बसला नाही. कापड बदलतील, वाया घालवतील अशी भीती वाटली.

त्यांनी वैशालीकडे पाहिलं. ती पलीकडे मैत्रिणींत बसून हसत होती.

"कापड द्याले तुमचा कोणावर भरोसा नाई बसला, जवाईबुवा," ते म्हणाले. "मी तं पोरगी देऊन राह्यलो."

मला वाटलं होतं की या लग्नात संशय घ्यायचा हक्क फक्त माझाच. या माणसाने मला जेमतेम तीनदा पाहिलं होतं, माझी पुण्यातली खोली कधी पाहिली नव्हती, आणि माझ्यासाठी त्यांच्याकडे कसलंही गेज नव्हतं. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, या वेळी पूर्ण वाकलो, आणि पाठीचा टाका कडकन तुटला. त्यांनी मला उठवलं, रुमाल बोटाने जरा वर ओढला आणि म्हणाले, "हा वर असू द्या. रक्त दिसून राह्यलं."

पुण्याला निघायच्या दिवशी मी कापड घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी नवीन माप घेतलं, वहीत जुन्या मापांच्या खाली लिहिलं आणि पावतीचं बुक शोधू लागले. बुक कपड्यांच्या ढिगाखाली कुठेतरी गेलं होतं. ते सापडायच्या आत मी दुकानाची पायरी उतरलो. ट्रॅव्हल्समध्ये बसल्यावर बाबांचा फोन आला.

"पावती?"

"नाई घेतली."

बाबांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "तं मंग मी पाहून येत जाईन."

तेव्हापासून ते दर बाजाराच्या दिवशी जाऊन पाहून येतात. चाचांनी मला फोन करून तक्रारही केली की तुझा बाप येऊन कोट मोजून जातो. कोट कच्चा शिवून तयार आहे, एकच बाही लागली आहे. ट्रायलशिवाय पुढचा टाका घालणार नाही म्हणतात. मला सुटी मिळत नाही. दिवाळीत शिफ्ट लागली, आता मंडया सुरू झाल्या तरी मी इकडेच आहे. वैशाली अधूनमधून विचारते, "कोणी त्या कोटाचं कापड बदललं तं?" मला चिडवायला विचारते.

पुण्यात माझ्याकडे सगळ्याची पावती आहे. गॅसची, फ्रीजची, डिपॉझिटची, एका फायलीत नीट लावलेली. तरी मी कधीकधी उठून ती फाइल तपासतो. तुमच्यापैकी कोणी चाचांच्या दुकानावरून गेलात तर खुंटीला एका बाहीचा कॉफी कलरचा कोट दिसेल. आत जाऊन चौकशी करू नका, बाबा करतात तेवढी पुरे आहे. त्याची पावती माझ्याकडे नाही, आणि तो कोट माझाच आहे याची मला आजवर एकदाही शंका आली नाही.