हनुवटीखालची रेघ

जुन्या जपानातल्या एदो शहरात मोहेईसारखे केस कोरणारा दुसरा कारागीर नव्हता, असं खुद्द मोहेईचं म्हणणं होतं. गल्ली आपली मान डोलवायची. नटांची चित्रं ज्या लाकडी फळ्यांवरून छापत, त्या तो कोरायचा. रेघ तेवढी उंच ठेवायची, भोवतालचं लाकूड काढून टाकायचं. चेहरे आणि केस त्याच्याकडे. कपड्यांची नक्षी हाताखालच्यांनी करावी.

एका सकाळी कपाळावर जांभळा रुमाल बांधलेली एक ठसठशीत बाई त्याच्या दारात उभी राहिली आणि गल्लीभर खिडक्या उघडल्या.

"अगं ओतात्सु," शेजारीण त्याच्या बायकोला म्हणाली, "म्हातारपणी तुझ्या नवऱ्याला चळ लागला की गं!"

बाई कसली, तो हामानोजो. नाटकात बायकांची कामं करणारा. घरी बायको होती, तरी घरीदारीही तसाच राहायचा. वय पन्नाशीपुढचं, कामं कोवळ्या पोरींची.

मोहेईपुढे हामानोजोच्याच चित्राची फळी होती. चित्रकाराने हनुवटीखाली सुरकुतीची एक रेघ काढलेली, मोहेईने ती केसाहून बारीक कोरलेली.

"मोहेईदादा, एवढी रेघ उडवा ना. कोरणीचा एक हात! कुणाला कळतंय?"

"चित्रकारानं काढलीय. मी कोण उडवणारा?"

"पाया पडते तुमच्या. चित्र दुकानात टांगलं की लोक मला नाही बघायचे, हिलाच बघतील."

चित्रकाराचं नुसतं निमित्त हो! इतकी नाजूक रेघ मोहेईच्या हातून जन्मात उतरली नव्हती. तो हटला नाही. ओतात्सुने दिलेला चहा तसाच ठेवून हामानोजो निघून गेला.

चित्र धडाक्यात खपलं. पुढच्या खेळात हामानोजोने लाजून बाही तोंडावर घेतली, तोच पिटातून आरोळी आली, "आजीबाई, हनुवटी झाका!" सगळं नाटकघर हसलं. त्यानंतर त्याच्या वाट्याला म्हाताऱ्या आणि सासवाच आल्या. मग तो फार दिवस जगलाही नाही.

नट गेला की लगोलग त्याचं निरोपाचं चित्र निघे, फिक्या निळ्या वस्त्रातलं. त्याची फळी मोहेईकडेच आली. चित्रकार तोच, रेघही तीच. या खेपेला मोहेईने कोरणीच्या एका हातात ती उडवली. लाकडातून गेलेली रेघ पुन्हा येत नसते.

पहिली प्रत घेऊन तो स्वतः हामानोजोच्या बायकोकडे गेला. तिने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"सुंदर आहे हो," ती म्हणाली. "पण हे कोण?"

घरी ओतात्सुने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"केस छान आलेत म्हणाल्या," मोहेई म्हणाला आणि कोरणीला धार लावत बसला.