बंद करू नका

इथं आखातात, अल गराफातल्या आमच्या भाड्याच्या घराचा एसी म्हातारा झालाय. बटण दाबलं की गच्चीवरचं मशीन नुसतं घुमतं, पंखा फिरत नाही. मग एक मेकॅनिक यायचा, बीडकडचा. तापलेल्या पत्र्यावर तळहात ठेवून क्षणभर डोळे मिटायचा आणि जाळीतून काडी घालून पंखा हलकेच ढकलायचा. मशीन धडधडत सुरू व्हायचं.

"बंद करू नका, ताई," तो दरवेळी बजावायचा. "चालू हाय तवर चालंल. थांबलं की परत उठंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

एकदा पाणी देताना मी विचारलं, गावी का जात नाही? मशीनकडेच बघत तो म्हणाला, "मागं गेल्तो, ताई. परत निघताना पाय उचलंना. पोरगी दारात उभी हुती. तवापासनं जातच न्हाई."

यंदा दुसराच माणूस आला. पहिल्याचं विचारलं, तर म्हणाला, "वो गाँव गया. माँ गुज़र गई उसकी."

"वापस कब आएगा?"

त्यानं खांदे उडवले आणि जाळीतून काडीनं पंखा ढकलला. एसी सुरू झाला.

तेव्हापासून तो चालूच आहे. घरात हुडहुडी भरते, तरी माझा हात बटणाकडे जात नाही.