विमलची खाडी, काशीची गाढी

पनवेलच्या खालच्या अंगाला त्या घरात दोन सुना नांदत होत्या. थोरली विमल खाडीच्या तोंडावरच्या गावाची, धाकटी काशी नेऱ्याची, जिथून गाढी नदी खाली उतरते. दाराशी पाणी एकच. पण पावसात गाढी भरून आली, शेतातलं मीठ धुऊन गेलं नि भात तरारलं, की सासू सखू म्हणायची, "काशीच्या माहेरानं ओटी भरली गो!" आणि उधाणानं बांध फुटून पीक खारलं, की, "विमले, तुजा भाऊस आला, घे घरात!"

काशीनं नुसतं 'आमची गाढी' म्हटलं तरी विमलचा जळफळाट व्हायचा. घागर बुडवायला वाकायची तीही कशी, नदीची मालकीणच जणू!

चौऱ्याहत्तर साली नव्या शहराच्या नकाशासाठी मोजणीवाले आले. नदी कुठं संपते आणि खाडी कुठं लागते, तिथं त्यांना लाल खुंटा ठोकायचा होता.

"मी दाखवते," विमल म्हणाली. "पन आज नको, सायब. अवसेला या, भर दुपारचे."

अवसेला उधाणाच्या भरतीचं पाणी उलटं, डोंगराकडे धावत होतं.

"बघा. नदी कंदी चढ चढते का?"

साहेबांनी चूळ भरली नि ते थू थू करत थुंकले. "खारट आहे हो!"

"मंग? नदी वर चिंचेपाशीच मेली."

खुंटा चिंचेपाशी बसला, घराच्या वरच्या अंगाला. विमल धावतच चुलीपाशी आली.

"काशे, तुजी नदी आता आपल्या दारात येत नाय हां!"

"नाय तं नाय," काशी भाकरी थापत म्हणाली. "गरम हाय, खाता का वैनी?"

मेली रडली असती तर विमलला दोन घास गोड लागले असते.

भादव्याच्या उधाणात बांध फुटला. सारं घर कमरेएवढ्या चिखलात उतरलं. सखू वरून ओरडली, "आता तं सरकारनंच खुंटा मारलाय, पानी विमलचंच!" शेजारच्या बांधांवरची माणसंही हसली. काशी बाजूलाच चिखलाच्या ढेपा लावत होती. तिच्याच ढेपा टिकत होत्या, हेही विमलनं पाहिलं.

बांध बुजल्यावर ती तडक चिंचेकडे गेली, खुंटा हलवून हलवून उपटला आणि खांद्यावर टाकून घराच्या खालच्या अंगाला आली.

"वैनी, ह्ये काय?"

"तुजी नदी तुला परत. बांध फुटला तं आता शिव्या तू खा."

"द्या की," काशी हसली. "म्हंजे चिखलातल्या चिंबोऱ्यापन माज्याच."

विमल थबकली. काठाच्या चिखलातली खेकड्यांची बिळं तिनं एकवार न्याहाळली. मग चार पावलं घराकडे मागं आली आणि ती बिळं तेवढी खाडीतच राहतील अशा बेतानं तिनं खुंटा दगडानं ठोकून बसवला.