गिटारच्या आधीचा आवाज

माझी सगळी नोकरी धाराशिवच्या एका कचेरीत कागद लिहिण्यात गेली. अर्ज, खुलासे, स्मरणपत्रं, नोटिसा. माझा मसुदा साहेबांकडून कधी दुरुस्त होऊन आला नाही, याची मला भारी घमेंड होती. आता त्या घमेंडीची किळस येते.

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिथंच एका पोराबरोबर राहू लागली. लग्न नाही, साखरपुडा नाही. पोरगा चौघांच्या बँडमध्ये गिटार वाजवून गातो, एवढाच त्याचा उद्योग. ती हे सांगायला घरी आली तेव्हा मी तिला दारातच म्हणालो, "आजपासून तुझा आवाज या घरात ऐकू यायला नको." बाप रागाच्या भरात बोलतो आणि पोरी ते मनावर घेत नाहीत, असा माझा समज होता. हिनं घेतलं. आल्या पावली परत गेली, नंबर बदलला, आणि दोन वर्षं फोन नाही.

मग त्या बँडचं गाणं आलं. कचेरीत डबे खाताना शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "ऐका बरं. ही तुमची पोरगी न्हाय का?" गिटार सुरू व्हायच्या आधी एक मुलगी बोलते, "थांब, थांब, चहा उतू जाईल." आणि हसते. आधी नाकातून फुसकन आणि मग मोठ्यानं, ही तिची लहानपणापासूनची तऱ्हा.

पुढचं गाणं म्हणजे पुण्यातली एक खोली आणि दोघं जण. भांडतात, ताटं फेकतात, ती दार आपटून जिना उतरते आणि त्याच्या हाकेनं कोपऱ्यावरून परत वर येते. तू गेलीस तर मी कुलूप विकत घेणार नाही, असं तो पोरगा घसा फाटेस्तोवर ओरडतो. महिन्याभरात ते तुळजापूरच्या रिक्षात वाजू लागलं, नळदुर्गच्या ढाब्यावर वाजू लागलं. अख्खा जिल्हा माझ्या पोरीच्या खोलीत डोकावतोय असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्या पोराचा हेवाही वाटायचा. त्यानं तिला कोपऱ्यावरून परत बोलावलं होतं. मला दारातून बोलावता आलं नव्हतं.

मग मला जे येतं ते मी केलं. एका रविवारी बसून बँडला नोटीस लिहिली. विषय: ध्वनिमुद्रणातून आवाज वगळणेबाबत. हरकतीचा मजकूर शब्दशः द्यायचा असतो, तो दिला. मुदत पंधरा दिवस. त्यांच्या पानावर ईमेलचा पत्ता होता, त्यावर पाठवून दिली. बायकोला काही बोललो नाही.

नवव्या दिवशी उत्तर आलं. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर आवाज सर्व ठिकाणांहून काढण्यात आला आहे. यापुढे तो ऐकू येणार नाही. माहितीस्तव सादर." खाली नाव नव्हतं. दहावीच्या सुट्टीत मीच तिला कागद लिहायला शिकवलं होतं, शेवटच्या दोन शब्दांआधी एक ओळ मोकळी सोडायची, हेसुद्धा. ती ओळ मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मोबाइल घेऊन माझ्यापाशी आली. "अहो, ह्याला काय झालं बघा की. सुरुवातच येईना." गाणं आल्यापासून रोज मी आंघोळीला गेलो की ती गॅसवर चहा ठेवायची आणि तेवढंच लावायची. गिटार सुरू झाली की बंद, परत पहिल्यापासून. मला पत्ताही नव्हता. मी नोटिशीचं सांगितलं. ती खाली बसली. "तेवढंच होतं की हो माझ्याकडं," म्हणाली. ती मला दोन शिव्या घालती तर बरं झालं असतं.

जुनं गाणं मिळतंय का म्हणून मी मोबाइलची दुकानं पालथी घातली. लोकांनी आपापल्या व्हिडिओंना लावलंय ते मधलं, ओरडण्याचं. चहाचं कुणी जपून ठेवलेलं नाही. त्याच ईमेलवर तीनदा लिहिलं, विषय न घालता. आधी लिहिलं, आईला ऐकायचंय. मग लिहिलं, चूक झाली. शेवटी लिहिलं, बाळा, मला ऐकायचंय. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि येईल असं आता मला वाटत नाही.

काल चहा ठेवताना बायकोनं विचारलं, "'थांब' ती दोनदा म्हणायची का तीनदा?"

"दोनदा," मी म्हणालो.

"पक्कं?"

पक्कं होतं, नोटिशीची प्रत माझ्याकडं होती. ती म्हणाली, वाचा. मी कपाटातून फाइल काढली, चष्मा लावला आणि वाचलं, "थांब, थांब, चहा उतू जाईल."

"आणि हसणं?"

ते कसं लिहायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं. कागदावर होतं तसं मी वाचलं.

"तदनंतर हास्य."